उजवा रकाना

पडद्यावर दोन रकाने होते. डावीकडच्या रकान्यातला आकडा नऊ अंकी होता आणि त्याचे शेवटचे तीन-चार अंक दर वेळी वेगळेच दिसत. ते वाचून होण्याआधी बदललेले असत. उजवीकडच्या रकान्यात शून्य होतं. एकच शून्य, रकान्याच्या अगदी कडेला टेकवून ठेवल्यासारखं. वेदश्री त्या शून्याकडे बराच वेळ पाहत होती. पडदा दर सेकंदाला स्वतःला पुसून पुन्हा लिहीत होता, म्हणजे तेही शून्य दर सेकंदाला नव्यानं लिहिलं जात होतं. ते तसंच राहून गेलेलं नव्हतं. दर वेळी मोजलं जात होतं आणि दर वेळी पुन्हा शून्यच येत होतं. हा फरक तिला महत्त्वाचा वाटला. का, ते मात्र तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दोन दिवसांपासून तक्रार होती की प्रयोगशाळेतली यंत्रं अडकत अडकत चालतात. वर्ध्याबाहेरच्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वेदश्री संगणक केंद्र सांभाळत होती. मुलांच्या सगळ्या फायली तिच्या खोलीतल्या एका सर्व्हरवर असत, आणि २००७ च्या जानेवारीतली प्रात्यक्षिकं तोंडावर आली होती. सर्व्हर दोन प्रोसेसरांचा, वर्षभरापूर्वी आलेला. बाहेरून काही आलं की त्यातलं नेटवर्क कार्ड प्रोसेसरला हटकतं. प्रोसेसर हातातलं काम आहे तिथं थांबवतो, कुठवर आलो होतो ते टिपून ठेवतो, कोण काय म्हणतंय ते बघतो आणि परत आपल्या जागी येतो. याला इंटरप्ट म्हणतात. त्याला व्यत्यय हा मराठी शब्द तिनं एकदा वर्गात सांगितला तेव्हा मुलं हसली होती. डावा रकाना म्हणजे पहिल्या प्रोसेसरला कार्डानं आणलेले व्यत्यय, उजवा म्हणजे दुसऱ्याला. कुणी मुद्दाम काही सांगितलं नाही तर सगळं जग पहिल्याच दारावर थाप मारत राहतं. दुसरा आपलं काम करतो, सलग आणि नीटनेटकं, आणि वर्षभरात त्याला कार्डानं एकदाही हाक मारलेली नसते.

सकाळी आई तिला ‘तुम्ही’ म्हणाली होती. चहा झाला होता. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, मांडीवर कपड्यांची पिशवी. कप खाली ठेवताना ती म्हणाली, “फार केलं हो तुम्ही माझं. आता कुणाला तरी सांगा ना, मला घरी पोचवून द्या म्हणा. घरची माणसं वाट पाहून राहिली असतील.” आवाजात तक्रार नव्हती. आर्वीच्या शाळेत तपासणीला आलेल्या बाईंशी ती अशी बोलायची, मान जराशी पुढं करून. वेदश्रीनं कप उचलला, मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला. मी वेदू आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर आईला ओशाळल्यासारखं झालं असतं, तिनं ‘हो का’ म्हणून हसून घेतलं असतं, आणि ते हसू वेदश्रीला पाहावलं नसतं. म्हणून ती म्हणाली, “रविवारी दादा येणार आहे न्यायला.” आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. “नरहर? मग काही काळजी नाही. मोठा मुलगा माझा. अल्लीपूरला मास्तर आहे.” एवढ्यात दिवसभर आईजवळ बसणाऱ्या अनुसयाबाई आल्या, आणि वेदश्री गाडीची किल्ली घेऊन जिना उतरली. अर्ध्या जिन्यात तिला वाटलं, आपण दार ओढून घेतलं की नाही. वर जाऊन पाहिलं. ओढलेलं होतं.

वाटणी तिनंच मागितली होती. बाबा गेले, आर्वीचं भाड्याचं घर सोडायचं ठरलं, आणि सामान बांधता बांधता दोघं भाऊ आईचं काय करायचं ते बोलत होते. नरहर अल्लीपूरचा, आणि धाकटा निशांत नागपूरला बँकेत. आठ-आठ महिने की सहा-सहा, एवढंच त्यांचं चाललं होतं. वेदश्री भांडी कागदात गुंडाळत होती. ती म्हणाली, “तीन मुलं आहेत. तीन वाटे होतील. चार-चार महिने.” नरहर म्हणाला, “अवं, तू दिवसभर कॉलेजात. अन् मुलीकडे आई ठेवली तर गावात काय म्हणतील?” ती म्हणाली, “काय म्हणायचं ते मी सांगते गावाला.” निशांत हसला, “ताईनं टाइमटेबल काढूनच आणलं असेल.” मग तिघांनी आईला विचारलं, कारण विचारायला हवं. आई त्या वेळी चांगली होती. भाजीत मीठ दोनदा पडायचं एवढंच, आणि ते कुणीही हसण्यावारी न्यावं असंच. ती म्हणाली, “बरोबर आहे वेदूचं. समान करा.” ती जन्मभर गणित शिकवत आली होती. लहानपणी संत्रं सोललं की फोडी तिघांत मोजून द्यायची. दहा निघाल्या तर तीन-तीन, आणि उरलेली दहावी आज कुणाची, ते काल कुणाला गेली त्यावरून ठरायचं. कालची कुणाला गेली हे तिचं कधीही चुकलं नाही. वेदश्रीला त्या दहाव्या फोडीपेक्षा तो हिशेबच जास्त आवडायचा. जगात काहीतरी असं आहे की ज्याच्यात रडून-भांडून फरक पडत नाही, या गोष्टीचा तिला त्या वयात फार आधार वाटायचा.

“सापडलं का काही, मॅडम?” नीलेश आत आला. प्रयोगशाळेची यंत्रं तो बघायचा. तिच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, सेलूहून रोज बसनं येणारा. त्यानं पडद्याकडे पाहिलं. “अरे वा. एक मरून राह्यला अन् दुसरा आराम करून राह्यला. आपल्या ऑफिससारखंच झालं हे तर.” ती हसली. म्हणाली, “वाटून देऊ दोघांना.” ज्या फायलीत ते लिहायचं ती तिनं उघडली. आत एक होतं. तिनं तिथं तीन लिहिलं. नीलेश वाकून बघत होता. “तीन म्हणजे तिसरा प्रोसेसर ना? तो तर नाई आपल्याकडे.” “एक म्हणजे पहिला, दोन म्हणजे दुसरा. तीन म्हणजे दोघंही.” “मग तसं सांगा ना,” तो म्हणाला. उजव्या रकान्यातलं शून्य गेलं. त्या जागी तीन अंक आले, मग पाच. दोन्ही रकाने आता बरोबरीनं धावू लागले. एक थाप या दारावर, एक त्या. कुणाला एक जास्त नाही, कुणाला एक कमी नाही. नीलेश टाळी देण्यासारखा हात करून थांबला आणि तोच हात त्यानं केसांतून फिरवला. वेदश्रीला छातीत थंड, गोडसर असं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. ती चव ओळखीची होती.

अर्ध्या तासात प्रयोगशाळेतून फोन आला. तिथले सर विचारत होते, “मॅडम, तुम्ही काही केलं का? नाही, म्हणजे, आधी बरं होतं.” तिनं विश्वास ठेवला नाही. मग स्वतः जाऊन एका यंत्रावर बसली. फाइल उघडायला लागणारा वेळ खरोखरच वाढला होता. पुन्हा आपल्या खोलीत येऊन ती त्या दोन रकान्यांसमोर बसली, आणि दुपारचा डबा तसाच राहिला. आकडे चोख होते. एवढे चोख आकडे चुकीचे कसे असतील, असं तिला एखाद्या मुलासारखं वाटत राहिलं. कारण तिला माहीत नव्हतं असं नाही. दर वर्षी ती ते फळ्यावर काढायची. प्रोसेसरच्या अगदी हाताशी एक लहानशी स्मृती असते, कॅशे म्हणतात तिला. नुकतंच जे लागलं ते तिथं राहतं. कार्डाचं काम पुन्हा पुन्हा त्याच प्रोसेसरकडे आलं तर लागणारं सगळं हाताशीच सापडतं. तेच काम आळीपाळीनं दिलं की लागणारी गोष्ट दर वेळी दुसऱ्याच्या हाताशी राहून गेलेली असते. ती तिथून उचलून आणा, इकडे नव्यानं मांडा, आणि मांडून होतं न होतं तोच पाळी संपते. दोघंही सारखेच राबत होते आणि दोघांनाही दर वेळी सगळं पहिल्यापासून. खोलीतला एसी एकसारखा घरघरत होता. तिची बोटं गार पडली होती. तिनं ती काखेत धरली आणि तशीच बसून राहिली.

पहिल्या वेळी आई वर्ध्याला राहायला आली तेव्हा मोरी कुठं, दिव्याचं बटण कुठं, हे शिकायला तिला दोन-तीन दिवस लागले होते. दुसऱ्या वर्षी महिना गेला. या वेळी नागपूरहून आली ती निशांतच्या सातव्या मजल्याच्या सवयी घेऊन. लिफ्टसाठी भिंत चाचपत उभी राहायची. मग त्याही गेल्या, आणि त्यांच्या जागी वर्धा आलंच नाही. रोज सकाळी ती स्वयंपाकघरातून मागच्या दारानं बाहेर पडायची आणि डावीकडे वळायची. तिथं गॅलरीचा कठडा होता. अल्लीपूरच्या घरी मागच्या दारानं बाहेर पडून डावीकडे वळलं की संडास लागतो. कठड्याशी ती गोंधळून उभी राहायची, आणि कधी कधी वेळ निघून जायची. वेदश्री बादली घेऊन धुवायला लागली की आई पाय बाजूला घेऊन म्हणायची, “कुणी सांडलं हो पाणी इतकं?” वेदश्री फरशी पुसायची. वेदश्री आजवर समजत होती की आई विसरते. आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की ते डावं वळण विसरणं नव्हतं. आईला रस्ता अगदी बरोबर पाठ होता. घर चुकीचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात ती अल्लीपूरला गेली होती, आईला भेटायला म्हणून, चार तासांसाठी. अंगणात बाजेवर पातळ पसरून कुरड्या घातल्या होत्या आणि आई स्टुलावर राखण बसली होती. वेदश्री ओट्यावरून बघत होती. ऊन सरकलं तशी आई उठली, कुणी न सांगता तिनं बाजेचं एक टोक ओढून उन्हात घेतलं आणि पुन्हा बसली. म्हणाली, “आता मनकर्णाबाईची शेळी येते बघ.” शेळी आली. आईनं खडा उचलला. आतून प्रमिला वहिनीचा आवाज आला, “आई, गोटा नोका मारू तिले. मांगच्या खेपेले मनकर्णाबाई भांडाले आलती.” आई तोंडावर पदर घेऊन हसली, चोरी पकडल्यासारखी. वेदश्रीला आपल्या घरात ते हसू ऐकल्याचं आठवेना. तिच्या घरी आई नीट बसायची, नीट जेवायची, ताट उचलू लागायची आणि ‘राहू द्या’ म्हटलं की खाली ठेवायची. पाहुणी कशी राहते तशी.

निघताना वहिनी राखेनं भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, “ताई, एक बोलू का? राग नका धरू. यांले आता इकडंच राहू द्या ना. नागपूर झालं, तुमचं झालं, मंग फिरून आल्या का मले पुन्हा बाराखडीपासून शिकवा लागते. परात कुठं, संडास कुठं, माह्यं नाव काय. अन् शिकल्या का निघाची वेळ येते. काऊन फिरवता माणसाले, पोस्टाच्या थैलीवानी?” वेदश्री म्हणाली, “पाहू.” बसमध्ये खिडकीशी बसून तिला राग आला होता. आपल्याकडे आई नीट राहत नाही असं हिला म्हणायचं आहे. आपल्या हक्काचे चार महिने हिला हवे आहेत. अंगण, शेळी, कुरड्या दाखवून ही आपल्याला खोटं पाडते आहे. वहिनीनं पुन्हा विषय काढला नाही. दिवाळीला फोनवर एवढंच विचारलं, “मंग काय ठरलं, ताई?” आणि वेदश्री पुन्हा म्हणाली, “पाहू.” हा शब्द इतका लहान आहे की त्याच्या आत वर्ष जाईल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती फाइल परत उघडली. फायलीच्या नावात अॅफिनिटी हा शब्द होता. इतकी वर्षं तो टाइप करताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. अकरावीत तो रसायनशास्त्राच्या तासाला भेटला होता आणि सरांनी फळ्यावर मराठीत ‘आसक्ती’ लिहिलं होतं. मागच्या बाकावरच्या मुली खुसखुसल्या होत्या. कुठल्या अणूला किती आसक्ती, हे तक्त्यात दिलेलं असायचं. मिळवता येत नसे, मागता येत नसे. तिनं तीन खोडून पुन्हा एक लिहिलं. मग डिस्कचे व्यत्यय तेवढे दुसऱ्या प्रोसेसरकडे वळवले, म्हणजे पहिल्याला कार्डासाठी उसंत राहील. प्रयोगशाळेतून फोन आला नाही, म्हणजे बरं चाललं होतं. नीलेश येऊन उभा राहिला. “हे तर पहिल्यासारखंच झालं. एकावरच सगळा लोड. बरोबरी कुठं झाली?” ती म्हणाली, “नाही झाली.” “अन् त्या पहिल्यानं काय घोडं मारलं?” “काही नाही. त्याला माहीत आहे, एवढंच.” नीलेशनं थोडा विचार केला. “आपल्या घरी माझ्या आईचं असंच आहे,” तो म्हणाला. “सगळ्यांले सगळं तिलेच विचाराचं असते. मोजे कुठं, तं तिले.” मग त्यानं उजव्या रकान्यावर बोट ठेवलं. “अन् हा? याले बरं वाटते का?” ती म्हणाली, “त्याला कुणी विचारत नाही.” नीलेश हसला. तिनं विनोद केला आहे असं त्याला वाटलं.

संध्याकाळी घरी जाताना तिनं गाडी मुद्दाम हळू चालवली. गणित सुटलं तरी न्याय होत नव्हता, आणि ही गोष्ट तिला अंगावर ओल्या कपड्यासारखी चिकटून राहिली होती. वहिनीनं स्वतः मागितलं म्हणून ते ओझं ओझं नव्हतं का? वर्षाचे बाराही महिने फरशी तीच धुणार, रात्री-अपरात्री तीच उठणार, आणि पोटची मुलगी वर्ध्यात बसून वाचत राहणार. नरहर मोठा मुलगा म्हणून मान घेईल, हात वहिनीचे. निशांत ‘तू म्हणशील तसं, ताई’ म्हणेल आणि मनातून सुटल्यासारखा होईल. तिला स्वतःलाही लोक सुटली म्हणतील, आणि ते तोंडावर म्हणणार नाहीत. पण याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती तिनं आजवर उजेडात आणली नव्हती. आई नसताना आठ महिने तिच्या घरात कुणी हाक मारत नसे. ती पुस्तक उघडायची आणि प्रकरण संपेपर्यंत मान वर करावी लागायची नाही. लोकांना तिचा हेवा वाटायचा. सप्टेंबरात आई आली की दर दहा मिनिटांनी बाहेरून तोच प्रश्न यायचा, गाडी किती वाजता आहे हो. ती पेन खाली ठेवायची, कुठवर आलो होतो ते टिपायची, जाऊन सांगायची, परत यायची. चिडायची. आणि ते संपूर्ण चार महिने तिला वाटायचं की आपल्या घरात दिवा लागलेला आहे. वाटणीतले तिचे चार महिने तिनं न्यायासाठी मागितले होते असं ती सगळ्यांना सांगत आली होती. नाक्यावरच्या सिग्नलशी उभं असताना तिच्या मनात आलं की हे फक्त अर्धंच खरं असावं.

आई कायमची अल्लीपूरला गेली की लवकरच तिच्या मनातून वेदू पूर्ण पुसली जाईल, हेही तिला कळत होतं. ज्याच्याकडे काम येत नाही त्याच्या हाताशी काही उरत नाही. ज्याच्याकडे येतं त्याच्याच हाताशी राहतं, हेही तेवढंच खरं. पण आईच्या आत आता जागाच इतकी थोडी राहिली होती की तिथं एक अंगण, एक शेळी आणि एक सून मावत होती. चौथं काही ठेवायला गेलं की पहिलं पडत होतं.

रविवारी नरहर सकाळच्या बसनं आला. खांद्यावरच्या झोळीत तुरीच्या शेंगा. दारात धापा टाकत उभा राहिला. “तुझा हा जिना दर साली लंबाच होऊन राह्यला, वेदू.” “वजन दर साली वाढतंय, दादा.” “ते तुझ्या वहिनीले सांग.” आई खुर्चीतून उठली. “नरू, आलास? कपिला व्याली का रे?” “व्याली ना. गोऱ्हा झाला. कपाळावर चांद आहे त्याच्या.” आई ताटावर बसली तरी गोऱ्ह्याचंच चाललं होतं. वेदश्री पोळ्या वाढत होती. आई तिच्याकडे वळून सौजन्यानं म्हणाली, “गाय आहे हो आमची. तुम्हाला माहीत नसेल ना, म्हणून सांगितलं.” नरहरचा घास हातात राहिला. “आई, अवं, वेदू आहे ना ही.” आईनं वेदश्रीकडे पाहिलं. अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून पाहिलं, फळ्यावरचं उदाहरण तपासावं तसं. “हो,” ती म्हणाली. “वेदूसारखीच आहे. तीही अशीच कमी बोलते.” वेदश्रीनं तिच्या पोळीवर तूप घातलं. नरहर मान खाली घालून जेवत राहिला. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, “तिकडं आली का नाव घेते तुझं. कधी कधी.” तो खोटं बोलत नसावा. पण तो नेहमी जास्त मीठ घालूनच बोलायचा.

रिक्षा खाली येऊन उभी राहिली. नरहरनं पिशवी उचलली. आई दाराशी बसून चपला शोधत होती, आणि वेदश्री खाली वाकून तिच्या पायांत त्या घालत होती. टाचांना भेगा पडल्या होत्या. आज तेल लावायचं राहिलं. आईनं आधारासाठी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तो तिथंच राहू दिला, जसा कुणाही वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर मोठ्या माणसाचा हात जातो. “सुखी राहा बाई,” ती म्हणाली. नरहर जिन्याच्या पहिल्या पायरीवरून मागं वळून बोलत होता. मे महिन्यात निशांत येऊन नेईल, मग सप्टेंबरात तोच कारनं इकडं आणून सोडतो म्हणे, म्हणजे या खेपेले बसचा त्रास नाई. पुढच्या पाळ्या तो दर वर्षी अशाच सांगायचा, आणि दर वर्षी ती ‘बरं’ म्हणायची. ‘बरं’ तिच्या तोंडात आलंही होतं. आईचा हात डोक्यावरून निघाला तेव्हा ती उभी राहिली. गुडघे दुखत होते. बोलायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज इतका साधा निघाला की नरहरला आधी कळलंच नाही; तो एक पायरी पुन्हा वर आला.

“काय म्हणाली?”

“वहिनींना सांग, दादा, त्या म्हणाल्या होत्या तेच बरोबर आहे. आईला आता अल्लीपूरहून कुठं हलवायचं नाही. निशांतशी मी बोलते. यापुढं माझी पाळी धरू नका.”